डोळे मिटायची सक्ती नाही

योगवर्ग संपत आला की शवासन येतं. शिक्षक दिवे मालवतात, पंखा हळू करतात, दार लोटून घेतात. "डोळे मिटा, शरीर सैल सोडा, कसलाही विचार मनात आणू नका," असं सांगत ओळींमधून अनवाणी फिरतात. कुणाचा खांदा ताठ दिसला तर वाकून तो दाबतात, कुणाची मान सरळ करतात. बहुतेकांसाठी हा तासातला सगळ्यांत सुखाचा भाग असतो. काहींना तर गाढ झोप लागते. पण त्याच खोलीत एखादी बाई अशी असते, की तिच्यासाठी ही पाच मिनिटं सरता सरत नाहीत. अंधार, बंद दार, उताणं पडलेलं शरीर, डोक्यामागून येणारी पावलं आणि न विचारता अंगावर आलेला हात, यातलं एकेक तिनं पूर्वी भोगलेलं असतं. ती उठून बसते, नाहीतर दात आवळून पडून राहते आणि पुढच्या आठवड्यापासून यायची बंद होते. शिक्षकांना वाटतं, चिकाटी नाही.

हे पुस्तक तिच्यासाठी वर्ग कसा घ्यावा याबद्दल आहे. घरात मार खाल्लेल्या, लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या, पुरात किंवा भूकंपात आपली माणसं गमावलेल्या, दंगलीत घर जळताना पाहिलेल्या, कोठडीतून सुटून आलेल्या माणसांना योगाची मदत होऊ शकते. मात्र नेहमीचा वर्ग जसाच्या तसा उचलून त्यांच्यापुढे ठेवला तर ती होईलच असं नाही, कधी कधी त्रासच वाढतो. म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शिकवण्याची एक वेगळी रीत तयार झाली आहे. या पुस्तकात तिला आघात-सजग योग म्हटलं आहे. तिच्यात शिक्षक डॉक्टर होत नाही आणि कुणाची जखम उकरून काढत नाही. समोर बसलेल्यांपैकी कुणावरही असं काही गुदरलेलं असू शकतं हे धरून तो वर्गाची मांडणी, भाषा आणि स्वतःची वागणूक बदलतो.

पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला आहे. आघाताच्या क्षणी माणसाच्या शरीराचं काय व्हायचं ते दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं. ते ठरवण्याचा अधिकार वर्गात त्याच्या हाती परत आला पाहिजे. कोणतं आसन, किती वेळ, किती नीट, हे सगळं त्यानंतर. वस्तीत चटया वाटल्या, फी माफ केली, म्हणजे योग सगळ्यांपर्यंत पोचला असं मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते मान्य नाही. चटईवर बसलेल्या माणसाला 'नको' म्हणता येत नसेल, तर तो वर्ग त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही.

आधी थोडं आघाताविषयी. मोठ्या भयातून गेलेलं शरीर धोका टळून वर्षं लोटली तरी सावधच राहतं. कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धस्स होतं. रात्री दोनला जाग येते आणि मग झोप लागत नाही. कुणी मागून हाक मारली तरी हात आपोआप डोक्यावर जातात. काहींच्या बाबतीत नेमकं उलटं घडतं. सगळं बधिर होऊन जातं, भूक-तहान कळत नाही, आपलेच हातपाय परक्याचे वाटतात. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत या अवस्थेला 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर', म्हणजे 'पीटीएसडी', हे नाव मिळालं. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. पुढे १९९२ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या ग्रंथात सैनिकाची अवस्था आणि घरात वर्षानुवर्षं मारहाण सोसणाऱ्या बाईची अवस्था शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि दोन्हींतलं साम्य दाखवलं. सावरण्याची पहिली पायरी सुरक्षितता आहे, बोलणं-आठवणं त्यानंतरचं, ही त्यांची मांडणी या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

बोलून मन मोकळं होतं असं आपण सहज म्हणतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण घडलेलं सांगायला लागलं की काहींचा आवाजच बसतो. काही जण सगळी हकीकत दुसऱ्याच कुणाची असावी तशी सपाट आवाजात सांगतात आणि त्यांचं शरीर मात्र ताठच राहतं. अशा माणसांसाठी काय करावं, या प्रश्नातून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइन इथल्या ट्रॉमा सेंटरमध्ये या शतकाच्या आरंभी योगवर्ग सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि योगशिक्षक डेव्हिड इमर्सन हे त्यामागचे दोघे. इमर्सन यांनी एलिझाबेथ हॉपर यांच्यासह २०११ मध्ये या पद्धतीचं पहिलं पुस्तक लिहिलं. शिक्षक कुणालाही हात लावत नाही, हुकूम देत नाही, प्रत्येक हालचालीला पर्याय देतो, आणि आसन दिसतं कसं यापेक्षा आतून काय जाणवतं याकडे लक्ष वळवतो, अशी ती साधी चौकट आहे.

२०१४ मध्ये व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार घेऊनही बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांना दहा आठवडे, दर आठवड्याला एक तास योग. उरलेल्यांना तेवढाच वेळ स्त्री-आरोग्याचं शिक्षण. शेवटी योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या निकषांतून बाहेर आल्या होत्या, दुसऱ्या गटातल्या २९ पैकी ६. मला यातला आणखी एक तपशील महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला दोन्ही गटांना बरं वाटलं. चार बायकांत बसायला मिळालं, कुणी लक्ष दिलं, एवढ्यानंही माणूस सुधारतो. पुढे शिक्षणगटातल्या बायका मागे गेल्या आणि योगगटातल्यांची सुधारणा टिकली. अभ्यास लहान आहे, एका शहरातला आहे, सगळ्या सहभागी स्त्रिया आहेत आणि त्यांचे इतर उपचार सोबत चालू होते. त्यामुळे 'योगानं आघात बरा होतो' अशी पाटी लावायला त्याचा आधार घेता येणार नाही. उपचारांच्या जोडीला योग नक्की धरावा, एवढं बळ मात्र त्यात आहे.

आपल्याकडेही काम झालं आहे. २००४ च्या डिसेंबरातल्या त्सुनामीनंतर अंदमानातल्या छावण्यांत योगसंशोधक शर्ली टेल्स आणि सहकाऱ्यांनी वाचलेल्या लोकांसोबत आठवडाभर योग घेतला, तेव्हा भीती, उदासी आणि झोपेच्या तक्रारी कमी झाल्याचं त्यांना आढळलं. २००८ मध्ये कोसी नदीचा बांध फुटून बिहारात पूर आल्यावर पूरग्रस्तांच्या २२ जणांच्या लहानशा गटावर टेल्स यांनीच आणखी एक अभ्यास केला. आठवडाभर योग केलेल्यांची उदासी उतरली, आणि नुसतं थांबून राहिलेल्यांची चिंता त्याच आठवड्यात वाढली. छावणीत रिकामं बसून राहण्याचीही किंमत मोजावी लागते, हे आपत्तीनंतर मदतीला धावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे.

योग आपल्या मातीतला असताना शिकवण्याची रीत बॉस्टनकडून का घ्यायची, असं मला पुष्कळ शिक्षक विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर महाराष्ट्रातल्या योगाच्या शंभर वर्षांत सापडतं. १९१८ मध्ये मुंबईत श्री योगेंद्रांनी योग इन्स्टिट्यूट काढली. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत आणलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांत सूर्यनमस्कार रुजवले. या मंडळींमुळे योग मठातून आणि आखाड्यातून बाहेर पडला आणि सामान्य माणसाच्या अंगणात आला. हे ऋण फार मोठं आहे. पण तो शाळेत शिरला तो शारीरिक शिक्षणाच्या तासाला. मैदान, रांगा, आकडे, सगळ्यांनी एकदम वाकणं, एकदम उठणं. कवायतीचा तो आवाज आपल्या योगवर्गात अजून घुमतो. 'अजून खाली', 'गुडघा वाकता कामा नये', 'मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.' धडधाकट, निर्धास्त माणसाला या आवाजानं हुरूप येतो. ज्यानं असा आवाज मार खाण्याआधी ऐकलेला आहे, तो मात्र आतून गोठतो आणि बाहेरून हुकूम पाळत राहतो.

दुसरी परंपरा पुण्यातली. बी. के. एस. अय्यंगार लहानपणी सतत आजारी असत. १९३७ साली ते पुण्यात शिकवायला आले, १९७५ मध्ये त्यांची संस्था उभी राहिली. घडीची लोखंडी खुर्ची, लाकडी विटा, पट्टे, लोड, भिंतीतले दोर यांच्या आधारानं त्यांनी म्हाताऱ्या, आजारी, अपंग माणसांना आसनांत बसवलं. शरीर आसनासाठी मोडायचं नाही, आसन शरीराजवळ आणायचं, हे जगानं अय्यंगारांच्या पुण्याकडून शिकलं आहे. खुर्चीवरचा योग, आजारपणातला योग असे जे प्रकार आज जगभर चालतात, त्यांच्यावर या कामाचा दाट ठसा आहे. आघात-सजग वर्गालाही हे सामान फार उपयोगी पडतं. मात्र त्याच सामानाकडे एकदा आघात झालेल्या माणसाच्या नजरेनं बघावं लागतं. मांड्यांभोवती आवळलेला पट्टा एकीला आधार वाटेल, आणि जिला बांधून ठेवलं होतं तिला तो त्याच दिवसाकडे घेऊन जाईल. म्हणून पट्टा तिच्या हातात द्यावा, कसा लावतात ते स्वतःला लावून दाखवावं, आणि ती तो बाजूला ठेवणार असेल तर त्यावर काही बोलू नये.

श्वासाचंही तसंच. संथ श्वास आणि थोडा लांब उच्छ्वास यांनी हृदयाची गती आणि शरीराची सावधगिरी उतरते, हे मोजून पाहिलेलं आहे. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास झाले की हा परिणाम चांगला दिसतो. पण कपालभाती किंवा भस्त्रिकेनं होणारी धडधड पुष्कळांना हुबेहूब भीतीच्या झटक्यासारखी वाटते. ज्याचा गळा कधी आवळला गेला आहे किंवा जो पुरात गटांगळ्या खाऊन वाचला आहे, त्याला श्वास रोखायला सांगणं क्रूरपणाचं आहे. या पुस्तकातल्या पहिल्या बारा पाठांत कुंभक मुळीच नाही. मज्जासंस्थेविषयी अलीकडे पॉलिव्हेगल सिद्धांताचा फार बोलबाला आहे. त्यावर शरीरशास्त्राच्या अभ्यासकांचे गंभीर आक्षेप आहेत, म्हणून मी त्यावर काहीही उभारलेलं नाही.

आता वेगवेगळ्या समाजांकडे वळते, कारण बॉस्टनची चौकट इथे आणून ठेवली की लगेच अडचणी सुरू होतात.

पुण्यातल्या एका वस्तीतला आमचा वर्ग बुद्धविहारात भरतो. वेळ नळाच्या पाण्यावर ठरते. पाणी सकाळी आलं तर वर्ग दुपारी, दुपारी आलं तर संध्याकाळी, आणि आदल्या रात्री कुणीतरी फोन करून ते कळवतं. विहारात लांबलचक सतरंजी अंथरलेली असते. बायका आल्या की पहिल्यांदा भिंतीकडेच्या जागा भरतात, मधली सतरंजी रिकामी राहते. वर्ग 'नीट' दिसावा म्हणून त्यांना मध्ये बसवण्याचा मोह शिक्षकाला होतो. तो आवरायचा. पाठीशी भिंत असली की मागून कुणी येणार नाही याची खात्री असते. दार उघडं राहतं, पायरीवर बसलेली एक सेविका बाहेरच्या पोरांना आत येऊ देत नाही. दिवे चालू असतात. शिकवणारी एकाच जागी बसते आणि उठायचं झालं तर आधी सांगते, "मी खिडकीपर्यंत जाऊन येते." साडीवर करता येणार नाही असं काहीही त्या तासात नसतं.

परदेशी पुस्तकांत म्हटलं आहे की पर्याय द्या, निमंत्रण द्या. तसं इथे पहिल्या दिवशी केलं तर काय होतं? "मावशी, हात मांडीवर ठेवायचेत की पोटावर?" असं विचारलं की मावशी गोंधळून शेजारणीकडे बघतात. "तुम्ही सांगाल तसं, ताई." जिचं लग्न, शिक्षण, मुलं किती, माहेरी कधी जायचं, हातात पैसे किती, यातलं काहीच तिला विचारून ठरलेलं नाही, तिला चटईवर अचानक पाच पर्याय दिले तर त्याचं ओझंच होतं. आपण चुकीचं निवडू आणि बोलणी खाऊ, ही भीती असते. म्हणून सुरुवातीला दोनच पर्याय द्यावेत, दोन्ही सोपे आणि दोन्ही बरोबर. शिकवणारीनं स्वतः एक निवडून दाखवावा आणि पुढच्या वेळी दुसरा निवडावा. हळूहळू, आठवड्यांमागून आठवडे गेल्यावर, याच मावशी एका दुपारी म्हणाल्या, "आज मी बसूनच करते. झोपायचं नाही मला." आणि भिंतीला टेकून बसल्या. शिकवणारी "बरं" म्हणाली आणि पुढचं वाक्य तिनं बसलेल्यांनाही लागू पडेल असं उच्चारलं. कौतुक केलं नाही, कारण विचारलं नाही. योगशिक्षक ज्याला प्रगती म्हणतात त्याच्या कोणत्याही तक्त्यात हे बसणार नाही. माझ्या लेखी त्या वर्गातली ती सगळ्यांत मोठी प्रगती होती.

हात लावण्याबद्दलही हेच. "हात लावू का?" असं विचारून मग लावावा, असा मध्यममार्ग काही शिक्षक सुचवतात. परदेशात काही ठिकाणी चटईच्या कडेला ठेवायच्या होकार-नकाराच्या चकत्या वापरतात. आपल्याकडे मॅडमना किंवा गुरुजींना नाही म्हणण्याचं शिक्षण कुणालाच मिळालेलं नसतं, वस्तीतल्या बाईला तर मुळीच नाही. ती "चालेल" म्हणते. त्या 'चालेल'ला संमती मानणं मला पटत नाही. गुरूंनी हात लावण्याचा गैरफायदा घेतल्याच्या स्त्रियांच्या तक्रारी योगाच्या जगात मोठमोठ्या नावांविरुद्ध झाल्या आहेत, हेही विसरू नये. म्हणून या पद्धतीत हात लावायचाच नाही. पाठ वाकडी राहिली तर राहू द्यावी.

प्रत्येक समाजाची दुखरी जागा वेगळी असते आणि ती आधी जाणून घ्यावी लागते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक गाढ झोपले होते, आणि जाड दगडी भिंती नि माळवदाची घरं अंगावर कोसळली. वाचलेली माणसं पुढे कितीतरी महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. त्या वेळी विशीत असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. लातूर-धाराशिवकडच्या कुणाला बंद खोलीत उताणं झोपून छताखाली डोळे मिटायला सांगण्याआधी शिक्षकाला हे ठाऊक हवं. झाडाखाली, बसून, डोळे उघडे ठेवूनही विश्रांती घेता येते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथल्या ठाकर कुटुंबांच्या मुलांना पत्र्यावरच्या पावसाचा आवाज म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. निसर्गाचे आवाज म्हणून पावसाची ध्वनिफीत लावणारे वर्ग मी पाहिले आहेत.

पारधी आणि इतर विमुक्त जमातींच्या वस्तीत वर्ग घ्यायचा तर हजेरी हा विषय आधी नीट समजून घ्यावा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं या लोकांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, ठरावीक वेळी हजेरी द्यायला लावली, सोलापूरसारख्या ठिकाणी सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात ठेवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पोलिसांचा ससेमिरा गेला नाही. तिथे वही उघडून नाव, बापाचं नाव, गाव असं विचारत आणि मोबाइलवर फोटो काढत वर्गाची सुरुवात केली, तर माणसं पांगतात. देणगीदारांना आकडे हवे असतात, त्यासाठी नुसती डोकी मोजली तरी पुरतं.

बीडच्या ऊसतोड बायकांचा विचार मी सर्वांत जास्त केला आहे. दिवाळीच्या सुमारास नवराबायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', मुकादमाकडून उचल घेऊन निघते ती मार्च-एप्रिलला परत येते. वाकून तोडायचं, मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. आजारपणात एक दिवस बसलं तरी खाडा धरून पैसे कापले जातात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीचा खाडा नको, म्हणून पिशवीच काढून टाकायची, इथवर ज्या शरीरांवर दुसऱ्यांचा हिशेब चालला, त्या शरीरांना आपण 'पोट आत घ्या, अजून वाका' असं कोणत्या तोंडानं सांगणार? सहा महिने वाकलेल्या पाठीला पुढे वाकण्याची आसनं नकोत. तिला भिंतीला पाय टेकवून पडण्याची गरज आहे, आणि त्याहून जास्त, दिवसातली वीस मिनिटं कुणी हाक मारणार नाही अशी जागा हवी. तिच्या गावातला वर्ग मे ते सप्टेंबर या काळातच भरेल. हेही सांगून ठेवते की मजुरी, खाडा आणि मुकादमाची उचल यांच्यावर योगाचा उतारा नाही. तो आहे असं भासवणारा कार्यक्रम कुणी घेऊन आला, तर त्याला या पुस्तकाचा आधार मिळू नये.

धर्माचा प्रश्न अनेक जण टाळतात, मी टाळणार नाही. २०१५ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या कार्यक्रमातून मुस्लिम संघटनांच्या आक्षेपानंतर सूर्यनमस्कार वगळण्यात आले होते. ज्यांनी दंगल पाहिली आहे त्यांच्यासाठी घोषणा, झेंडा, जमावानं एका सुरात म्हटलेलं काहीही, हा वादाचा मुद्दा नसून अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे. म्हणून आमच्या पाठांत ओंकार ऐच्छिकही ठेवलेला नाही, तो नाहीच. भ्रामरीचा गुंजारव आहे, त्याला कोणतंही अक्षर लागत नाही. वज्रासनाची बैठक नमाज पढणाऱ्या बाईला शिकवावी लागत नाही, आणि विपश्यनेमुळे श्वासाकडे नुसतं पाहत राहणं विहारातल्या बायकांना परिचयाचं असतं. ज्याच्या अंगवळणी जे आहे तिथून सुरुवात केली की अर्धं परकेपण तिथेच गळून पडतं. तृतीयपंथी व्यक्तींसाठी मात्र 'बायका इकडे, पुरुष तिकडे' हे पहिलंच वाक्य दार बंद करतं. ते वाक्य टाळता येतं, बसण्याची जागा ज्यानं त्यानं निवडावी.

हे सगळं बाहेरून आलेल्या शिक्षकाला कितीही वाचून पुरतं कळणार नाही. म्हणून पुस्तकाचा दुसरा भाग आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि बचत गटातल्या बायकांना समोर ठेवून लिहिला आहे. कुणाच्या घरात काय चाललं आहे ते त्यांना आधीच ठाऊक असतं. पण त्याच गल्लीत राहत असल्यामुळे गुपित फुटण्याची भीतीही त्यांच्याचबद्दल जास्त असते, त्यावर एक वेगळं प्रकरण आहे. आणि या कामाचे त्यांना पैसे मिळाले पाहिजेत. आधीच तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बायकांच्या गळ्यात आणखी एक सेवा मारून योग घरोघरी पोचवण्याची योजना कुणी आखत असेल, तर ती आखू नये.

आसनांची चित्रं शेवटच्या भागात आहेत, जाणूनबुजून. त्यांत साडीतल्या, सलवार-कमीजमधल्या, बुरख्यातल्या बायका आहेत, लुंगीतले म्हातारे आहेत, चाकाच्या खुर्चीतला एक तरुण आहे. दोन पाय फाकवून पडायची किंवा पार्श्वभाग वर उचलायची आसनं गाळली आहेत. ती वाईट नाहीत, पण अत्याचार सोसलेल्या शरीराला ती उघडं पाडतात आणि त्यांच्यावाचून काही अडत नाही.

वर्ग चालू असताना कुणी रडू लागेल, कुणाची नजर हरवेल. अशा वेळी काय घडलं होतं ते विचारू नये. पाय जमिनीवर टेकलेले जाणवताहेत का, खोलीतल्या तीन निळ्या वस्तू दिसतात का, पाणी हवं का, इतकंच. हकीकत ऐकण्याचं शिक्षण वेगळं आहे आणि ते आपण घेतलेलं नाही. कुणी आपण होऊन सांगितलं तर मध्ये न तोडता ऐकावं आणि पुढच्या माणसापर्यंत तिला नेऊन पोचवावं. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. घरातल्या हिंसेसाठी स्त्रिया व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. मुंबई पोलीस आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी १९८४ मध्ये सुरू केलेलं हे काम पुढे राज्यभर पसरलं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. गुपित राखण्याचं वचन तिथे देता येत नाही आणि हे वर्गाच्या पहिल्याच दिवशी साध्या शब्दांत सांगून ठेवावं लागतं.

पुस्तकाच्या अगदी शेवटी दोन पानं कोरी आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचे वार आणि वेळ, जवळच्या विशेष कक्षाचा पत्ता, संरक्षण अधिकाऱ्याचा फोन, रात्री-अपरात्री येऊ शकेल अशा रिक्षावाल्याचं नाव, असे रकाने त्यांवर आखले आहेत. फोन लावून, कुणी उचलतं की नाही ते पाहून मगच ते भरावेत, आणि ही दोन पानं भरून होईपर्यंत पहिला वर्ग घेऊ नये.